सव्वीस नारळांचं पाणी

"ओढ गा केवळराम! जीव लावून ओढ!"

"ओढूनच तं राहिलो बाप्पा!"

ट्रकच्या सीटवर बसून, दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या चाकाखाली टेकवून, केवळराम ते चाक छातीकडे ओढत होता. उघड्या दारात उभा राहून तुलाराम मिस्त्री मधल्या शाफ्टवर पितळेचा तुकडा धरून हातोडा हाणत होता. चाकाचा नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवला होता, नाहीतर चाक एकदम सुटलं की ओढणाऱ्याचं थोबाड फोडतं. पण सुटेल तेव्हा ना! सकाळी सातपासून चाललं होतं, आणि चाक घोरपडीसारखं चिकटून बसलं होतं.

साकोलीच्या या राइस मिलचा ट्रक केवळराम सव्वीस वर्षं चालवत होता. आता स्टिअरिंगच्या नळीतलं बुश पार झिजलं होतं. परवा धानाची पोती भरलेली गाडी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या पाळीवरून पाण्यात जाता जाता राहिली. बुश बदलायचं तर आधी चाक काढायला हवं. मिलमालक आनंदराव सकाळीच बजावून गेले होते, "बारा वाजेपर्यंत निंगालं तं बुश टाका. नाही तं भंगारवाला येऊन राहिला."

दिवाळीला मिलमध्ये नवा ट्रक आला होता, नव्या ड्रायव्हरसकट. म्हणजे जुनी गाडी गेली की केवळरामही गेला. एका डोळ्यात मोतीबिंदू झालेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या हाती कोण गाडी देतो? ही एवढी एक गाडी त्याला अंदाजानं कळायची. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि शिकायचं वयही उरलं नव्हतं.

"थांब जरासा," तुलाराम म्हणाला. हॉर्नचं बटण त्यानं सकाळीच काढून ठेवलं होतं. त्याच्या खालच्या खळग्यात तो पेचकस घालून खरवडू लागला. लाल-पिवळी खपली निघाली. तिच्यात तांदळाचा दाणा होता, आणि खाली गंजाचा थर.

"हे काय होय गा?"

"हळद-कुंकू. दसऱ्याचं."

"ते दिसते मले. पन जंग येवढा कायचा? अंदर पानी कोनं टाकलं?"

केवळरामनं मान खाली घातली. "नारळाचं असन."

"नारळ तं सारेच फोडते. चाकापाशी फोडते. अंदर कसं गेलं?"

आता सांगणं भागच होतं. गाडी नवी आली त्या दसऱ्याला त्याची बायको शकुनबाई ताट घेऊन आली होती. देवाला नैवेद्य तोंडाशी दाखवतात, मग गाडीचं तोंड कुठं, असं तिनं विचारलं. केवळराम ऐटीत म्हणाला होता, "जिथून वाजते, तेच तोंड." मग दर दसऱ्याला हॉर्नचं बटण उचलायचं आणि नारळाचं पाणी आत ओतायचं, असं सुरू झालं. शकुनबाई जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यानं एक दसरा चुकवला नाही.

"सव्वीस नारळ पाजले तिले?" तुलारामनं कपाळावर हात मारला. "अरे येड्या, तिथं ग्रीस लागते! पाजून पाजून मारलीस ना गाडी!"

"सव्वीस वर्षांत एक मानूस नाही मारला ह्या गाडीनं."

"ते तुया हातानं. नारळानं नाही."

आपल्या हातानं आपण आपल्या पोटावर पाय दिला, हे केवळरामला कळलं.

मग तुलारामनं रॉकेल ओतलं. गॅसच्या ज्योतीनं तापवलं. नट काढून चाक उपसायचा पुलर लावला, तर पुलरचीच टांग वाकली. शेवटी केवळरामनं घण हिसकावून घेतला आणि दातओठ खात नेमका शाफ्टवरच हाणला. एक, दोन, तीन.

"अरे, नको गा!" तुलाराम ओरडला, पण तोवर शाफ्टचं तोंड पसरलं होतं. आता चाक निघणार नव्हतं आणि नटही परत बसणार नव्हता.

बाराचा भोंगा झाला. आनंदराव आले. मागोमाग भंगारवाल्याचा ट्रॅक्टर.

"निंगालं काय?"

"उद्यापर्यंत पाहू द्या ना मालक," तुलाराम म्हणाला.

"धान येऊन पडून राहिलं, आन् मी गाडी उभी ठेवून पूजा करू काय?"

केवळरामनं हात जोडले. मालकांनी भंगारवाल्याला खूण केली.

ट्रकला साखळी लागली. ओढून न्यायच्या गाडीतही स्टिअरिंग धरायला माणूस लागतोच. नवा ड्रायव्हर आत डोकावून मागे सरला. "नट नाही याले. मी नाही बसत बा."

"मी बसतो," केवळराम म्हणाला.

"चाक हातात येईन गा!" तुलाराम म्हणाला.

"सकाळपासून तू ठोकून राहिला, आलं काय? आता कोसभरात काय येते!"

तो चढून बसला. साखळी ताणली, गाडी हलली. मिलच्या फाटकाशी आल्यावर सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्याचा तळवा हॉर्नवर गेला. हॉर्नचं बटण मागे तुलारामच्या हातात होतं. तळवा खळग्यात टेकला, वाजलं काही नाही.

हात वर आला तेव्हा त्याला ओला, लाल गंज लागला होता. केवळरामनं तो पुसला नाही. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं आणि ट्रॅक्टरच्या मागोमाग गाडी भंगाराच्या वाटेला नीट वळवली.