मडगार्डावरचा शेवाळी रंग

मी शेवाळी रंग बोलतो आहे. गाडी नव्हे, गाडीच्या अंगावरचा रंग. येणारेजाणारे थांबतात, मान तिरकी करून पाहतात आणि म्हणतात, "काय देखणी गाडी आहे!" श्रेय ती घेते. माझी तक्रार नाही. तिच्यावाचून मला तरी अंग कोठून मिळाले असते?

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गाड्या रंगवणे हाच माझ्या जन्मदात्याचा व्यवसाय. ही गाडी त्याने जुनी म्हणून स्वतःसाठी घेतली आणि मला सिद्ध करण्यात तीन रविवार घालवले. हिरव्यात पिवळा, मग थेंबभर काळा, मग पुन्हा हिरवा. प्रमाण त्याने कोठेही लिहून ठेवले नाही. "डोळ्यांना कळतं," एवढेच तो म्हणे. त्यामुळे तो गेला, तेव्हा माझ्यासारखा दुसरा रंग करणारे कोणीच उरले नाही.

त्याच्यामागे माझी काळजी त्याच्या मुलीने वाहिली. तिला घरात सारे ताई म्हणतात. दर दोन महिन्यांनी ती गाडी सावलीत घेई आणि आधी पाण्याने धुई, कारण धुळीवर फडके फिरवणे म्हणजे मला ओरखडणे. मग मेणाचा पातळ हात देई. ते दुधाळ दिसू लागले, की दुसऱ्या मऊ फडक्याने पुसून घेई. येथे एक भेद स्पष्ट केलाच पाहिजे. मेण माझ्यावर चढते. पॉलिश मला घासते. घासल्यावर मी चकाकतो खरा, पण फडके हिरवे होते, आणि तो हिरवा मीच असतो. म्हणून पॉलिशचा डबा ताई वर्षानुवर्षे उघडत नसे. त्या संयमाबद्दल मी तिचा ऋणी आहे.

गेल्या वर्षी ताईचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. सहा महिने मी मेणावाचून राहिलो आणि पार निस्तेज झालो. तिच्या धाकट्या भावाला ते पाहवेना. त्याला घरात छोटू म्हणतात; छोटू आता साठीला आला आहे आणि त्याचे टक्कल माझ्याहून अधिक चकाकते. ताईला चकित करावे, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली असता त्याने शेजारच्या गॅरेजमधून पॉलिशचे यंत्र आणले. मडगार्डाच्या कडेवर रंग सर्वांत पातळ असतो, हे त्याच्या गावीही नव्हते. तेथेच तो यंत्र दाबून उभा राहिला. पाहता पाहता तळहाताएवढ्या जागेत मी नाहीसा झालो आणि खालचे राखाडी अस्तर उघडे पडले.

ताई परतली, तेव्हा छोटू त्या जागेवर हात टेकवून, फोटोसाठी उभे राहावे तसा उभा होता.

"छोटू, हात काढ."

"कशाला? बरं वाटतंय असं उभं राहायला."

"हात काढ म्हणते ना!"

त्याने हात काढला. ताईने राखाडी डागावरून बोटे फिरवली आणि ती पायरीवर बसली.

यंत्र परत न्यायला गॅरेजचा मिस्त्री आला. डाग पाहून तो थांबला. "ताई, हा रंग आता कोणी करून देणार नाही. नुसता डाग रंगवला, तर ठिगळ दिसेल. सगळं खरवडून नवा रंग मारू. गाडी कोरी करकरीत होईल."

"न्या उद्या," ताई म्हणाली. "माझ्याच्यानं आता होत नाही. नव्या रंगाकडं निदान काही वर्षं तरी बघायला नको."

पन्नास वर्षांत प्रथमच मी भ्यालो.

"नाही न्यायची," छोटू म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस."

"बोलणार! एवढ्याशा जागेपायी बाबांचा सगळा रंग खरवडायचा? चूक माझी आहे, त्यांची नाही. मला शिकव. दर दोन महिन्यांनी मी करीन."

"तुला? तुला स्वतःचा चष्मा धड पुसता येत नाही!"

"मग चष्म्यापासून शिकव."

मिस्त्री फिस्सकन हसला. ताईने ओठ घट्ट मिटून पाहिले. पण तिलाही हसू आवरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुलावर बसली आणि छोटूच्या हाती फडके दिले. "जोर नको. झोपलेल्या मांजरावरून फिरवावा तसा हात फिरव." त्याने तसा फिरवला. डागापाशी येताच तो थबकला.

"इथंसुद्धा?"

"इथं दोनदा. उघड्या जागेलाच पाणी आधी शिवतं."

त्या डागासह मी आज दारात उभा आहे. छोटूचा हात अजून ताईइतका सफाईदार नाही. पण तो हलका झाला आहे. ज्याने मला घालवले, त्यानेच मला राखले, आणि मी त्याचाही मनापासून आभारी आहे. तुमच्या दारी कोणी माझ्यासारखा जुना रंग असेल, तर त्याला झळाळी आणण्याची घाई करू नका. तो कितीसा उरला आहे, हे आधी बोटांनी पाहा.

आता मला रजा द्या. छोटूने मेणाचा डबा उघडला आहे, आणि स्टुलावरून सूचना सुरू झाल्या आहेत.