बाप्तिस्म्याची वही आणि असोद्याचा मामा

मित्रांनो, मी धुळ्याच्या एका चर्चमधली जुनी बाप्तिस्म्याची वही आहे. माझ्या पानावर एकदा शाईने जे लिहिले गेले ते त्रिवार सत्य, असे माझ्याविषयी मोठ्या आदराने सांगितले जाते. यातून जन्मतारखा तेवढ्या वगळाव्यात. आई सांगे, "कापूस वेचणी चालू होती." गोरे पाद्रीसाहेब जरा विचार करून लिहीत, 'पंधरा नोव्हेंबर'. माझ्यात त्या तारखेला जन्मलेली माणसे इतकी आहेत, की खानदेशात त्या दिवशी दुसरे काही कामच होत नसावे.

१९०६ साली मी मुंबईहून आगगाडीने आले. कातडी पाठ, जाड कागद, आत प्रत्येक गावाची वेगळी पाने. थंडी पडली की साहेब तंबू घेऊन दौऱ्यावर निघत आणि मी बैलगाडीत त्यांच्या शेजारी बसत असे. मूल ज्या गावी ओले होई, त्या गावाच्या पानावर त्याचे नाव चढे. "ही वही म्हणजे मंडळीचा प्राण," असे साहेब म्हणत. पुढे ते विलायतेला परतले, नवी वही आली आणि मंडळीच्या प्राणाला हार्मोनियमच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली जागा मिळाली. वीसेक वर्षे मी भजनांचा भार सोसला. अक्षरशः.

१९४७ च्या जानेवारीत कुंदाबाईंनी मला तिथून ओढून काढले. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. आमच्या मंडळीने धर्म बदलला होता, मामा बदलला नव्हता. नवरीला दारातून मामानेच आत आणायचे. कुंदाबाईंचे आईबाप मात्र इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले होते आणि त्या पाच वर्षांच्या असताना मिशनच्या बोर्डिंगात आल्या होत्या. कुणाच्या तरी खांद्यावर बसून आपण नदी पाहिली, त्याला आपण 'भाऊ' म्हणत होतो, एवढेच त्यांना आठवत होते.

"माझा चुलतभाऊ उभा करू की," त्यांचे यजमान म्हणाले.

"उसना मामा नको," बाई म्हणाल्या.

चर्चचे धर्मगुरू रुपचंद पाळक यांनी माझ्यावरची धूळ फुंकली, शिंकले आणि भडगावची पाने उघडली, कारण बाईंचे वडील तिथले. बाईंची नोंद लगेच सापडली. बाप सुकदेव, आई यशोदा, जन्म पंधरा नोव्हेंबर. भावाचा पत्ता नव्हता. दोघांनी ती पाने पुन्हा पाहिली, मग उलट्या बाजूने पाहिली.

"बाई, तुम्ही एकट्याच. लहानपणी स्वप्न पडलं असेल," पाळक म्हणाले.

"पाळकसाहेब, स्वप्नाच्या खांद्यावर बसता येत नाही."

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यातून तडक आल्या. त्या सकाळी त्यांनी एका पहिलटकरणीला घरी सोडले होते. न्यायला तिचा बाप आला होता. "आपण दोघंही येडे!" त्या दारातूनच ओरडल्या. "भाऊ माझ्याहून मोठा. पहिलं बाळंतपण सासरी करतं का कुणी?"

आता बाईंच्या आईचे माहेर कोणते, ते कोण सांगणार? बाई मांडी घालून बसल्या आणि एकेका गावाची पाने वाचू लागल्या. कसरीने खाल्लेल्या जागी कागद उजेडाकडे धरत होत्या. पाळक दोनदा जेवून आले. शेवटी असोद्याच्या पानावर त्यांचे बोट थांबले. मगन, बाप सुकदेव, आई यशोदा, राहणार भडगाव.

बाईंनी ते बोट बराच वेळ उचलले नाही.

असोद्याहून परतल्यावर त्यांनी पाळकांना हकिगत सांगितली. साथीनंतर आजोबांनी मुलाला आपल्याकडे नेले होते. आता तो केळी पिकवतो. बहिणीला पाहून तो तोंड फिरवून बसला. म्हणाला, "तू धुयाले आहे, हे मले ठावं व्हतं. मी केळी घेऊन दरसाल येतो तिथं. तुह्या लग्नाचं बलावणं नाई आलं. बिनबलावण्याचा भाऊ येते का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, भाऊ, आता बलावते. मुलीचं लग्न आहे, ये. रुसायचं असेल तर मांडवात येऊन रुस."

"येतील?"

"हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही."

लग्नाच्या दिवशी वाजंत्री थांबली, पाळक दोनदा खाकरले, नवरीचा बाप चुलतभावाकडे पाहू लागला. कुंदाबाईंनी मुलीला जागचे हलू दिले नाही. तेवढ्यात केळीच्या घडांनी भरलेली गाडी दाराशी लागली. मगनमामा उतरले, पागोटे नीट केले आणि कुणाकडेही न पाहता भाचीचा हात धरला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावच्या जुन्या वह्यांना टेबलाखालून काढा, ऊन दाखवा, कसरीपासून जपा. कुणीतरी एक दिवस बोट ठेवायला येईल.

त्या दिवशी विवाहाच्या वहीत वर, वधू, दोघांचे बाप, दोन साक्षीदार आणि पाळक यांची नावे लिहिली गेली. मामासाठी त्या वहीत रकाना नाही.