दाट की पातळ

"दाटच ओत. दाट तेल म्हणजे इंजिनाला दुलई," असं म्हणत अण्णांनी वीस-पन्नास ग्रेडच्या तेलाचा डबा लेकीपुढे सरकवला.

गाडी नर्सबाईंची. बाळंतपणं करायला त्या वेळी-अवेळी दूरदूर जात. काल रात्री त्यांनी ती गॅरेजातच ठेवली होती.

"काकू, त्रास कधीपासून देतेय?" लेकीने विचारलं.

"मागं तेल बदललं ना, तेव्हापासून. पहाटे चावी फिरवली की आधी कण्हते, मग वरून टकटक टकटक. परवा तर चालूच होईना. तिकडे बाईला कळा आणि इकडे हिला!"

लेक हसता हसता थांबली. ते तेल अण्णांनीच ओतलं होतं.

तिने चावी फिरवली. गारठलेलं इंजिन कुरकुरत उठलं आणि वरच्या अंगाने टकटकू लागलं. अण्णांनी कान लावला. डोळे मिटले.

"बघ, कशी लोण्यासारखी चाललीय!"

नर्सबाईंनी लेकीकडे पाहिलं. वळणापलीकडची गाडी आवाजावरून ओळखणारे अण्णांचे हे कान. हल्ली हाकेला ओ उशिरा यायची. कामात असतील, असं तिने मनाला समजावलं होतं. आज समजूत पुरेना. गप्प राहावं तर अण्णांचा मान राहील. पण एखाद्या पहाटे ही गाडी कुणाच्या दारी पोचणार नाही.

तिने अण्णांचा तळहात उचलून इंजिनाच्या झाकणावर ठेवला.

"हाताला काही लागतंय?"

तळहाताला टकटक लागत होती. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. थोड्या वेळाने अण्णा हळूच म्हणाले, "आता थांबलं."

"आता तेल वर पोचलं." ती त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होती. "तोवर वरचे भाग कोरडेच घासतात. हिच्या आतल्या वाटा अरुंद आहेत, अण्णा. थंडीत दाट तेल चढायला वेळ लावतं. हिला पातळच हवं, पाच-तीस."

"म्हणजे मागं मी तेल ओतलं तेव्हाही वाजत असेल?"

"तेल बदलल्यापासून वाजतेय."

अण्णांनी हात काढला नाही. नर्सबाई उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

"मिस्त्री," त्या शेवटी म्हणाल्या, "मी वेळेवर पोचले म्हणजे झालं. दाट काय, पातळ काय, तुम्ही बापलेक बघा."

अण्णांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी दाट तेलाचा डबा उचलला, घट्ट झाकण लावून फळीवर मागे ठेवला आणि पातळ तेलाचा काढला.

"तू घे करून," ते म्हणाले.

इंजिन बंद करून लेक जुनं तेल काढायला गाडीखाली सरकली. खाली अंधार होता. पान्याला नट सापडेना. तेवढ्यात उजेड आला. अण्णा गुडघे टेकून, वाकून टॉर्च धरून बसले होते. आजवर टॉर्च तीच धरत आली होती.

नट डाव्या अंगाला होता. तिने सांगायच्या आतच उजेड डावीकडे सरकला.