गुणांत बदल नाही

चंद्रशेखर मुळगुंद अमेरिकेत येण्याआधी सांगलीत अकरा वर्षं बोर्डाचे गणिताचे पेपर तपासत. नापास झालेली पोरं गुणपडताळणीचे अर्ज करत आणि प्रत्येकाला महिन्याभरात छापील कार्ड येई: ‘गुणांत बदल नाही.’ कार्ड पोराला जाई, छाती मुळगुंदांची फुगे. ग्रेस मार्क त्यांनी सख्ख्या पुतण्यालाही दिला नव्हता.

ओहायोतल्या डब्लिनला स्थायिक होऊन, नागरिक होऊन, चौऱ्याऐंशी साली ते प्रथमच ज्युरीत बसले. आरोपी डेल नावाचा प्लंबर. त्याच्या शेडमध्ये चोरीचं गवत कापायचं मशीन सापडलं होतं. डेल म्हणाला, "मेव्हण्यानं आणून ठेवलं. चोरीचं आहे हे मला काय ठाऊक?"

अकरा जण दोषी म्हणाले. पोस्टातल्या मिसेस हबर्ड तेवढ्या अडल्या. "मेव्हणे ठेवतात हो असं काहीबाही." मुळगुंदांनी कागदावर शेडची आकृती काढली आणि चाळीस मिनिटांत बाईंची शंका खोडून काढली. डेलला दीड वर्षाची कैद झाली. ती आकृती मुळगुंदांनी पुढे महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत पेपर नॅपकिनवर काढून दाखवली.

मग डेलनं अपील केलं.

"माझ्या पेपरवर अर्ज!" मुळगुंदांनी ताट बाजूला सारलं. निकाल उलटला तर मंडळात कुठल्या तोंडानं बसायचं? सात महिने त्यांनी नॅपकिनला हात लावला नाही.

अखेर लॉ स्कूलमध्ये शिकणारी लेक, कांचन, निकालाची झेरॉक्स घेऊन घरी आली. "अफर्म्ड, बाबा. तुमचा व्हर्डिक्ट कायम."

"गुणांत बदल नाही!" मुळगुंदांनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. "आता मी बरोबर होतो असं लिहिलंय ते वाच."

"तसं कुठेच लिहिलेलं नाही."

"नीट बघ."

"बाबा, अपील कोर्ट ते बघतच नाही. सगळा पुरावा सरकारच्या बाजूनं धरायचा आणि एवढंच विचारायचं, की एखादा शहाणा माणूस असा निकाल देऊ शकला असता का? देऊ शकला असता. दॅट्स ऑल."

"म्हणजे बेरीज तपासली. उत्तरं नाहीच वाचली?"

"काइंड ऑफ."

"मग उत्तरं वाचतं कोण?"

"यू डिड. तुम्ही बारा जणांनी. एकदाच."

मुळगुंदांचा चमचा वाटीतच राहिला. सांगलीची ती सगळी कार्डं त्यांना एकदम आठवली. पेपर पुन्हा कुणी वाचलाच नव्हता.

"तरी तीन जज्जांनी तुम्हाला शहाण्यात धरलं," सुमित्राबाई पोळी वाढत म्हणाल्या. "माहेरी कळवते. आणि काय हो, आमच्या श्रीरंगची ट्रंक चार वर्षं आपल्या गॅरेजमध्ये पडलीय. आत काय आहे?"

"मला काय ठाऊक? तुझ्या भावानं..."

वाक्य तिथेच थांबलं. कांचन श्रीखंडात तोंड खुपसून हसत होती.

मुळगुंद उठले, गॅरेजमध्ये गेले. ट्रंकेला कुलूप होतं; किल्ली श्रीरंगकडे, आणि श्रीरंग राहायला दूर प्लेनोला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, एक कडी धरली आणि ट्रंक हळूच हलवली.

आत काहीतरी खणखणलं.

ते परत आले, फोनची डिरेक्टरी काढली आणि ‘एच’च्या पानावर हबर्ड शोधू लागले.