मोगऱ्याला दिलेली ओंजळभर माती

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. लालबागच्या एका चाळीत, गॅलरीच्या कठड्याशी उभा असतो. पूर्वी दिवाळीच्या चकल्या माझ्याच जिवावर तळल्या जात, तेव्हा माझा थाट केवढा! तेल संपलं तसं रखमामावशींनी माझ्या तळाला खिळ्याने भोकं पाडली आणि गावाहून आणलेला कढीपत्ता माझ्यात लावला.

मावशी मासे धुतलेलं पाणी रोज मलाच पाजायच्या. सदा ओल्या मातीत अळ्या झाल्या, मुळं कुरतडू लागल्या. चिलटं उठून लोकांच्या चहात पडू लागली.

"रखमा, तुझ्या डब्याने वीट आणलाय हो!" शेजारच्या यशोदाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मावशींची सून दर्शना एक पाकीट घेऊन आली. त्यात कोंड्यात मिसळलेले बारीक शिकारी कोळीकिडे होते. ते मातीत राहतात, अळ्या खातात, झाडाच्या वाटेला जात नाहीत.

"अगो, होते ते किडे कमी पडले, म्हणून पाकीटभर आणखी हाडलंस?" मावशी ओरडल्या.

पण हळूहळू चिलटं गेली, कढीपत्ता तरारला. यशोदाबाई आता गोड आवाजात म्हणाल्या, "माझा मोगरा जरा मरगळलाय गं. काय घातलंस एवढं?"

"खत," मावशी म्हणाल्या आणि माझ्यातली ओंजळभर माती त्यांना दिली. किडे म्हणायची मावशींना लाज वाटली. मला तर माझ्या पोटाचीच लाज! म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

यशोदाबाईंनी ती माती गच्चीवर मसाल्याच्या मिरच्यांशेजारी पसरली. खताला आधी ऊन दाखवायचं, ही त्यांची जुनी सवय. वैशाखाच्या उन्हात बिचारे कोळीकिडे सुकून मेले. ती सुकी माती घालूनही पुढे मोगरा गेला.

रिकामी कुंडी बघून मावशींना राहवलं नाही. "यशोदा, तां खत नाय होतां गो. जिते किडे होते. माका सांगूक लाज वाटली."

यशोदाबाई म्हणाल्या, "मी तरी कुठे सांगितलं? माझ्या मोगऱ्यातनं पण चिलटं उठायची. तुझ्या डब्यावर ढकललं झालं."

दोघी माझ्या दोन बाजूंना खाली मान घालून उभ्या राहिल्या. माझीही मान असती तर मीही घातली असती.

त्या कुंडीत आता नवा मोगरा आहे आणि माझी ओली माती. मित्रांनो, माझा तळ गंजलाय, मला खुशाल भंगारात द्या. पण पोटातली माती नव्या डब्यात नीट उतरवा, आणि कुणी विचारलं तर आत कोण राहतं ते मोठ्याने सांगा.