मावशींच्या आवाजाचा डबा

मी डबा बोलतोय. झोकदार नाव माझ्या नशिबी नव्हतं, कारण मला कुठल्या कंपनीने बनवलंच नाही. घरातले फोटो, गाणी, आवाज सगळं एका जागी सांभाळायचं आणि ज्याने मागितलं त्याच्या फोनवर काढून द्यायचं, असं माझं काम. शहाणी माणसं याला सर्व्हर म्हणतात. या घरात मी डबाच.

माझा जन्म सगळा मागून आणलेल्या वस्तूंतून झाला. पेटी एका बंद पडलेल्या ऑफिसातली, मदरबोर्ड जावयाच्या जुन्या कॉम्प्युटरचा, स्क्रू अर्धे कपाटाचे. सगळ्यांना वीज वाटून देणारा पॉवर सप्लाय तर भंगारातून उचललेला. त्याचा पंखा अडकत होता. माझ्या मालकांनी त्याला लिफ्टच्या मोटारीचं घट्ट तेल पाजलं आणि बोटाने फिरवून पाहिला.

"फिरतोय ना? मग टाकायचा कशाला?" ते म्हणाले. तो फिरला खरा, पण कण्हत कण्हत.

मालकांना सगळी इमारत लिफ्टवाले म्हणायची. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. मोटारींच्या घरघरीत कान निम्मे गेलेले, पण हात अजून शिवशिवायचे. इमारतीची लिफ्ट जरा कुरकुरली, की हे पान्हा घेऊन गच्चीवरच्या मोटारघरात हजर. त्यांच्या बायकोचं घरातच पाळणाघर होतं. मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मग सगळेच मावशी म्हणू लागले. भोकाड पसरलेलं पोर त्यांचा आवाज ऐकून गप्प व्हायचं, अशी त्या आवाजाची ख्याती.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. तेव्हा दूरच्या शहरात राहणाऱ्या लेकीला नुकतेच दिवस गेले होते. घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. मग लिफ्टवाले उठले आणि त्यांनी माझी पेटी पुसायला घेतली.

मला आठवतं, हार्ड डिस्क अजून यायच्या होत्या. मला चालवणारा प्रोग्राम एका छोट्या पेनड्राइव्हवर होता आणि तो माझ्या पाठीत खोचलेला होता, अजूनही आहे. चाचणी म्हणून मावशींचा पहिला आवाज लिफ्टवाल्यांनी त्यावरच ठेवला. पुढे डिस्क आल्या, कामाची घाई झाली आणि ते साफ विसरून गेले.

डिस्क दोन लावल्या. जे एकीवर, तेच दुसरीवर. "लिफ्ट कधी एका दोरावर टांगतात का?" लिफ्टवाले फोनवर जावयाला सांगत होते. "एक तुटला तरी दुसरा धरतो. बिनघोर राहा तुम्ही."

मग ऑपरेशनपर्यंत मावशी रोज माझ्यासमोर बसून बोलल्या. नातवंडासाठी गोष्टी सांगितल्या, अंगाई म्हटली. मांजराचा आवाज काढला, वाघाचा काढला, वाघाला खोकला झाला तर कसा ओरडेल तेही करून दाखवलं. लेकीला लहानपणी द्यायच्या त्या शिव्यासुद्धा प्रेमाने देऊन ठेवल्या. मध्येच आवाज फुटायचा, तेव्हा पाणी पिऊन पुन्हा सुरुवात करायच्या. मी जन्मात इतकं मोलाचं काही पोटात घेतलं नव्हतं.

आवाज आधी घरातल्या फोनांवर टिपून मग माझ्यात उतरवत होते; ते फोन भरले, तसं लिफ्टवाल्यांनी त्यांतलं सगळं पुसून टाकलं. "डब्यात दोन-दोन ठिकाणी आहे की!" लेकीने फोन केला, "बाबा, थोडं तरी पाठवा ना. मला आईला ऐकायचंय." तर म्हणाले, "अगं, नावं घालतोय, खरखर काढतोय. काम पुरं झाल्याशिवाय मी कधी लिफ्ट ताब्यात दिलेली नाही. बाळ येऊ दे, सगळं एकदम देतो." लेक हिरमुसली, पण बापाच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही.

ऑपरेशन झालं. मावशी घरी आल्या त्या मुक्या होऊन. श्वास गळ्याच्या छिद्रातून, बोलणं हातांनी. दुपारी कुणी नसलं, की त्या माझ्याकडून स्वतःचीच अंगाई मागून ऐकायच्या आणि ओठ हलवायच्या. मला ते बघवायचं नाही.

माझ्या बटणावर लिफ्टवाल्यांनी चिकटपट्टी लावून पाटी डकवली होती, 'बंद करू नये', अगदी मोटारघरात लावतात तशी. शिवाय मावशींना बजावलं होतं, "काहीही झालं तरी या बटणाला हात लावायचा नाही. मधेच वीज गेली तर आतलं सगळं पुसलं जाईल. काही वाटलं तर मला हाक मार." तोंडातून शब्द निसटला आणि ते ओशाळले. मावशींनी हसून टाळी वाजवून दाखवली. हाक म्हणजे टाळी, असं ठरलं.

त्या दुपारी माझा पंखा कण्हायचाही थांबला. पाजलेल्या तेलात धूळ बसून त्याचा चिखल झाला होता. पॉवर सप्लाय तापत गेला. आधी वास सुटला, मग धुराची बारीक रेघ निघाली. मावशी धावत आल्या. त्यांचं बोट बटणावर टेकलं, मला ते चिकटपट्टीवरून जाणवलं. दाबा, मावशी, दाबा! मी ओरडत होतो, पण मला तरी कुठे आवाज आहे?

त्यांनी पाटी वाचली आणि बोट मागे घेतलं.

लिफ्टवाले गच्चीवरच्या मोटारघरात होते. टाळी तिथे काय पोचणार? मावशींनी स्वयंपाकघरातून पळी उचलली, बाहेर गेल्या आणि लिफ्टच्या लोखंडी दारावर दणादण मारू लागल्या. तो दणका बरोबर वर पोचला. पण लिफ्टच्या दारावर कुणी धडका मारतंय याचा अर्थ लिफ्टवाल्याच्या डोक्यात आयुष्यभर एकच होता: आत माणूस अडकलाय.

"घाबरू नका!" वरून आवाज घुमत आला. "मी आहे! हाताने खाली घेतोय! दार उघडू नका!"

मावशी आणखी जोराने मारत राहिल्या, तसे ते आणखी जोराने धीर देत राहिले आणि रिकामी लिफ्ट चाक फिरवून इंच इंच खाली घेत राहिले. शेवटी मावशींनी पळी टाकली आणि जिना चढू लागल्या. गळ्याच्या छिद्रातून घेतलेला श्वास एका मजल्यालाच संपत होता. त्या त्यांना गाठून खाली घेऊन आल्या, तोवर पॉवर सप्लायने जाता जाता डिस्कच्या वायरींत नको तेवढी वीज ओकली होती आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जळाल्या होत्या.

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने पुष्कळ खटपट केली. मग म्हणाला, "काका, दोन्हींत काही उरलं नाही. एकाच सप्लायवर होत्या ना?"

"म्हणजे दोर दोन होते," लिफ्टवाले हळू म्हणाले, "पण वर टांगायचा आकडा एकच." ते दुकानाच्या पायरीवरच बसले.

आता लेकीला मुलगी झाली आहे. फोनवर बाळ दिसलं, की मावशी चुटक्या वाजवतात, बाळ इकडेतिकडे बघतं आणि रडायला लागतं. लेक म्हणते, "आई, राहू दे गं, तिला झोप आलीये." लिफ्टवाले तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. परवा ते मावशींना म्हणाले, "एकदा चांगली खडसाव तरी मला." मावशींनी ओठ हलवले. त्या काय म्हणाल्या ते त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तर मावशींनी तोंड फिरवलं.

मी चपलांच्या फळीशेजारी पडून आहे. भंगारवाल्याला निरोप गेलाय, आज येतो म्हणालाय. मला स्वतःचं काही वाटत नाही. भंगारातून आलो, भंगारात जाईन. पण माझ्या पाठीतला पेनड्राइव्ह शाबूत आहे. मला उचलाल तेव्हा निदान मागे हात फिरवून बघा हो. कुणीतरी बघा. लिफ्टवाले शेजारून जातात, मावशी जातात, आणि मला ना टाळी वाजवता येते, ना दारावर पळी मारता येते.

त्या पेनड्राइव्हवर फार काही नाही. खुर्ची सरकते, मावशी घसा खाकरतात आणि हसतात. "दिवा लागला की, बोलू का? अगं बाई, काय बोलू आता... बाळा, मी तुझी आजी बरं का." आणि मग मोठ्याने, निम्म्या कानांच्या माणसाशी बोलायच्या त्या सवयीच्या आवाजात,

"अहो, ऐकू येतंय ना?"