वर्षभर जुना जबडा

बोलणं हे जबड्याचंच काम, तेव्हा मी बोललो तर नवल वाटायला नको. मी एका ट्रम्पेटवाल्याचा वरचा जबडा आहे. म्हणजे त्याची प्लास्टिकची नक्कल. मला ठणका नाही, रक्त नाही, हिरड्या तर नाहीतच. म्हणूनच की काय, सगळ्यांचा माझ्यावर भारी विश्वास.

माझा जन्म कॉम्प्युटरवर झाला. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दोन दात गेले होते आणि तिथलं हाड झिजत चाललं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या स्कॅनवरून मला स्क्रीनवर उभं केलं. हनुवटीतून हाडाचा केवढा तुकडा काढायचा, तो वर कसा बसवायचा, स्क्रू कुठे मारायचा, सगळं माझ्यावरच ठरलं. तुकडा हाडाशी जुळून धरला की त्यात इम्प्लांटचा खुंट, त्यावर दात, आणि त्या दातांच्या आधारानं पुन्हा ट्रम्पेट. मग प्रिंटरनं थरावर थर चढवून मला घडवलं. दिसायला मी देखणा निघालो. मालकापेक्षा तर नक्कीच.

एकच किरकोळ गोष्ट राहिली. तो स्कॅन वर्षभर जुना होता.

स्कॅन झाल्यावर ट्रम्पेटवाला घाबरून जो गायब झाला, तो वर्षानं उगवला. बाई म्हणाल्या, "नवा स्कॅन काढू या."

"कशाला? जबडा तोच आहे की! बदलून थोडाच आणलाय?"

सोबत त्याची थोरली बहीण होती. "याला लग्नातला कोटसुद्धा अजून होतो, असं हा म्हणतो," ती म्हणाली.

बाई हसल्या, आणि हसण्याच्या भरात 'बरं' म्हणून गेल्या. शिकलेली माणसं फसतात ती अशी, खेळीमेळीत.

ऑपरेशनच्या दिवशी मला मानानं मांडलं होतं. भूल चढली. चिरा देण्याआधी बाईंनी हिरडीतून सुई टोचून हाडाची जाडी पाहिली. मग माझी मोजली. पुन्हा त्याची. माझ्या निम्म्यानंसुद्धा हाड त्याच्या तोंडात उरलं नव्हतं.

"थांबू या."

"भूल दिलीच आहे, तर उरकून टाका ना," तो बोबड्या जिभेनं म्हणाला.

"उरकायला ही धुणीभांडी नाहीत. ठरवलेला तुकडा तोकडा पडेल. तो धरला नाही, तर हनुवटीचं हाड गेलं आणि तुमचं वाजवणंही. चूक माझी. मी ऐकायला नको होतं."

"तिघांत वाटून घेऊ," दाराशी थांबलेली त्याची ताई म्हणाली. "मीही कोटाचे विनोद करत बसले."

नवा स्कॅन झाला, माझा नवा भाऊ छापला गेला. तो माझ्याइतका देखणा नाही, पण खरा आहे. त्याच्यावर बेतलेला तुकडा धरला. काही महिन्यांनी दातही बसले. मी कचऱ्यात जाणार, तेवढ्यात ट्रम्पेटवाला म्हणाला, "मला द्या. माझा तरणाबांड जबडा आहे तो!"

आता मी त्याच्या फडताळात असतो. काल त्यानं नव्या दातांनिशी ट्रम्पेट ओठांना लावला. काय तो आवाज! हंबरडाच.

"शेजारी घर सोडून जातील!" ताई आतून ओरडली. पण बाहेर येऊन दारातच उभी राहिली.

त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा हंबरडा. मग एक सूर लागला, कापरा, पण लांबलचक. ताईनं घाईघाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

माणसांनो, आमच्यासारखे जबडे जरूर घडवा. फक्त आधी तोंडात बघा. तुमचं हाड रोज बदलतं, माझं नाही. मी कधीच झिजणार नाही. पण अंगावरची धूळसुद्धा मला फुंकून उडवता येत नाही.